डब्यातला लसूण आणि न येणारे फूल

वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अर्थकारण, अध्यात्म असे विषय दरवर्षी होत असतात. त्यांच्या पंगतीला लसणासाठी पाट मांडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु ही व्याख्याने भरतात ते दिवसच नव्या लसणाचे असतात. फाल्गुनात काढलेला लसूण चैत्रात सावलीला वाळतो, बाजारात जुड्या येतात, आणि वर्षाची बेगमी करणाऱ्या घरांतून त्या आढ्याला टांगल्या जातात. तेव्हा विषय कसाही असो, मुहूर्त तरी योग्य साधला आहे, एवढे श्रोत्यांनी मान्य करावे.

आम्ही शेतकी शास्त्राचे पदवीधर नव्हे. मोंढ्यातले हमाल, जिनिंगमधले हंगामी कामगार, वखारीत पोती शिवणाऱ्या बाया यांच्या संघटनेच्या कामात आमचे आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि लोकांच्या ओट्यावर झाले. लसणाकडे आमचे लक्ष गेले ते भावामुळे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात लसूण किरकोळ बाजारात किलोला चारशे रुपयांच्याही वर गेला. मजुरीचा दर चार रुपयांनी वाढवून घ्यायचा तर आम्हांला बैठकांवर बैठका घ्याव्या लागतात; लसणाचा दर मात्र कोणाला न विचारता दोन-तीन महिन्यांत दुप्पट होतो. रोजंदारीवर चूल पेटणाऱ्या घरात भाजी नसली तरी भाकरी आणि लसणाची चटणी यांवर वेळ निभते. ती चटणीच महाग झाली, तेव्हा वस्तीतल्या बायांनी पुढच्या हंगामात रंगाच्या बादलीत, तेलाच्या डब्यात, फुटक्या माठात लसूण लावला.

माघ महिन्यात त्यांतल्या तीन-चार घरांतून एकच तक्रार आमच्याकडे आली. "भाऊ, पात झाली, हातभर वाढली, पण फूल काही येईना. वांझ निघाला वाटतं लसूण." एका घरी असे समजून माती ओतून दिली. दुसऱ्या घरी फुलाची वाट पाहत लसूण चैत्र संपेपर्यंत तसाच ठेवला; पात पार वाळून गेली, पाणी चालूच राहिले, आणि उपटला तेव्हा गड्डा उकलून कुड्या सुट्या झालेल्या, काहींना कोंब, काहींना बुरशी. दोन्ही घरी नुकसान झाले ते लसणाच्या दोषाने नव्हे. फुलाविषयीच्या समजुतीने झाले. म्हणून ही समजूत नीट तपासून पाहावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. आणि तो वांझ हा शब्द माणसाला तर लावूच नये. पण पिकालासुद्धा जपून लावावा, असे पुढील हकीकत वाचून श्रोत्यांस वाटेल.

कांद्यावरून लसूण ओळखू नये

ही समजूत येते कोठून? आमच्या मते ती कांद्यावरून येते. कांदा आणि लसूण हे एका कुळातले. कांद्याचे बी पेरतात, रोप करतात, रोपाची लागण करतात. बियाण्यासाठी राखलेला कांदा लावला की त्यातून उंच दांडा येतो आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा लागतो. मधमाश्या त्यावर घोंगावतात आणि काळे बी धरते. हे दृश्य आपल्यांपैकी पुष्कळांनी शेतात पाहिलेले आहे. म्हणून लसणालाही असाच गोंडा यावा, अशी अपेक्षा सहज होते.

परंतु खाण्यासाठी लावलेल्या कांद्याला जेव्हा असा दांडा येतो, तेव्हा शेतकरी त्याला काय म्हणतो? 'डेंगळे आले' असे म्हणतो, आणि कपाळाला हात लावतो. कारण डेंगळे आलेला कांदा पोसत नाही, आत जाड दांडा राहतो, आणि तो टिकतही नाही. झाडाजवळची शिदोरी एकच असते. ती वर फुलाला गेली की खाली कांद्याला कमी पडते. म्हणजे ज्या पिकाला फूल येते त्यातसुद्धा बी धरणारा सोडला तर फूल कोणाला नको असते.

आता दुसरी गोष्ट पाहा. कांद्याचे बी दुकानात मिळते. लसणाचे बी दुकानात मागून पाहावे. दुकानदार गड्डाच काढून देईल. लसूण लावतात तो कुडीपासून. ही कुडी म्हणजे बी नव्हे. ती आईच्या अंगाचाच तुकडा आहे. पानाच्या बगलेत जो डोळा असतो, तो अन्न साठवून फुगतो, त्याची कुडी होते. ऊस जसा कांडीपासून, केळ जशी मुनव्यापासून, तसा लसूण कुडीपासून. ज्याला वंश चालविण्यासाठी फुलाची गरज पडत नाही, त्याने फूल धरले नाही म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

लसणाचे फूल असते कसे

लसणाला फूल कोठेच येत नाही असे मात्र नव्हे. जगात लसणाच्या दोन मोठ्या जाती-तऱ्हा आहेत. एक कडक मानेची, दुसरी मऊ मानेची. थंड मुलखांतल्या कडक मानेच्या लसणाच्या मध्यभागातून एक टणक दांडा वर येतो. तो पुष्कळदा गोल वळण घेतो. त्याच्या टोकाला चोचीसारखी निमुळती पिशवी असते. पिशवी फुटली की आत बारीक बारीक कुड्यांचा घोस दिसतो, गव्हाच्या नाही तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि त्या दाटीत मधूनमधून फुलांच्या कळ्या. ह्या कळ्या बहुधा उमलण्याआधीच सुकतात. शेजारच्या कुड्या फुगत जातात आणि कळ्यांच्या वाट्याचे अन्न ओढून घेतात. म्हणजे जेथे दांडा येतो तेथेही बहुधा फूल पुरते होत नाही, आणि बी धरणे तर फारच दुर्मिळ.

चीन आणि कोरियात हे कोवळे दांडे भाजी म्हणून खातात. तेथील शेतकरी दांडा वेळेवर खुडतो, त्याचे कारण केवळ चव नव्हे; दांडा खुडला की खालचा गड्डा अधिक पोसतो, हा त्याचा अनुभव आहे.

आपल्याकडे मैदानी मुलखात लागतो तो मऊ मानेचा लसूण. त्याला मधला दांडा येत नाही. म्हणूनच त्याची पात वाळल्यावर वळता येते आणि तिची जुडी बांधता येते. आणखी एक फरक सांगण्याजोगा आहे. कडक मानेच्या लसणात दांड्याभोवती एकाच वेढ्यात थोड्या पण मोठ्या कुड्या बसतात. मऊ मानेच्या लसणात अनेक पानांच्या बगलांत कुड्या धरतात, त्यामुळे त्या पुष्कळ आणि एकावर एक थरांत असतात. आपल्याकडील 'ॲग्रिफाउंड व्हाइट' म्हणजे जी-४१ ह्या वाणाच्या एका गड्ड्यात २० ते २५ कुड्या निघतात, त्या अशा. सोलताना गृहिणी वैतागते ती ह्या बारीक आतल्या कुड्यांमुळे. फूल नाही आणि कुड्या पुष्कळ, ह्या दोन्ही गोष्टी झाडाच्या एकाच घडणीतून आल्या आहेत.

पहिले कारण : माणसाने केलेली निवड

लसणाचे माहेर मध्य आशियात, तिएन शान पर्वताच्या आसपास आहे. पिकांची मूळ गावे शोधीत जगभर हिंडलेल्या निकोलाय वाविलोव ह्या रशियन शास्त्रज्ञाने लसणाला मध्य आशियाच्याच खात्यावर मांडले, आणि पुढील संशोधन त्याच दिशेने गेले. तेथून माणसाच्या गाठोड्यातून तो चहूकडे गेला. १८९० साली ह्याच पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कुचा गावी बॉवर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रावर लिहिलेली जुनी संस्कृत पोथी लागली. तिचा पहिला भाग लसणाच्या गुणांवर आहे. आपल्या वैद्यकात लसणाला 'रसोन' म्हणतात. सहा रसांपैकी एक आंबट तेवढा त्यात नाही, म्हणून तो एका रसाने ऊन, अशी त्या नावाची फोड करतात.

पण वैद्याच्या आधी तो कष्टकऱ्याचा होता. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस मिसर देशात गेला होता. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसूण यांवर किती रुपे खर्च झाले ते पिरॅमिडवर कोरले आहे, असे तेथल्या दुभाष्याने वाचून सांगितल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. दुभाष्याचे वाचन बरोबर होते की नाही हा वाद पंडितांचा. पण मजुराच्या भाकरीबरोबर लसूण असतो हे ऐकून कोणालाही नवल वाटले नाही, हे महत्त्वाचे. १९२२ साली उघडलेल्या तूतानखामेन राजाच्या थडग्यातही लसणाचे गड्डे सापडले. मजूर आणि राजा दोघांच्या शिदोरीत असलेले पदार्थ जगात थोडेच असतील.

ह्या हजारो वर्षांत शेतकऱ्याने काय केले? दरवर्षी गड्डा ज्याचा मोठा त्याच्या कुड्या पुढील लागणीला ठेवल्या. ज्याने आपली शक्ती दांड्यात आणि फुलांत घातली त्याचा गड्डा लहान राहिला. तो खाण्यात गेला, वंशात राहिला नाही. कोणी फुलाविरुद्ध ठराव केला नव्हता. तरी पिढ्यान्‌पिढ्या मत फुलाच्या विरुद्धच पडत गेले. आपल्या हातात आहे तो लसूण ह्या निवडीचे फळ आहे. तेव्हा बादलीतल्या लसणाला फूल आले नाही, तर तो आपल्या वाडवडिलांच्या कसोटीला उतरला, असे म्हणावे लागते.

दुसरे कारण : थंडी आणि दिवसमान

आता कोणी म्हणेल, वंश तर वंश, पण हवा-पाण्याने काही फरक पडत नाही काय? पडतो, आणि पुष्कळ पडतो.

लसूण दोन गोष्टी मोजत असतो : थंडीचे दिवस आणि उजेडाचे तास. त्याच्या माहेरी हिवाळा कित्येक आठवडे गोठवणारा असतो, आणि पुढे उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांपर्यंत लांबतो. आधी लांबलचक थंडी, मग लांबलचक दिवस, ही त्याला दांडा काढण्याची आणि गड्डा धरण्याची खूण. आपले सेलू विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकोणीस अंशांवर. येथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडा अधिक. वर्षभराचा फरक दोन-सव्वादोन तासांचाच. लसूण काढायच्या वेळी, म्हणजे फाल्गुनात, दिवस जेमतेम बारा तासांचा असतो.

थंडी आपल्याकडे पडत नाही असे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची बातमी येते आणि आपण शेकोटी पेटवतो. पण ती लाट चार दिवसांची. दुपारी ऊन चटकतेच. दांड्यासाठी लागणारी थंडी आठवडेच्या आठवडे सलग असावी लागते. जो वाण कमी थंडीत आणि अकरा-बारा तासांच्या दिवसांत गड्डा धरतो, तोच आपल्याकडे टिकला, आणि तो मऊ मानेचा, फूल न धरणारा निघाला.

येथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण डब्यात लसूण लावणारे पुष्कळ लोक नेमके येथे फसतात. बाजारात डोंगराळ भागातून आलेला, मोठमोठ्या कुड्यांचा देखणा लसूण मिळतो. सोलायला सोपा, म्हणून लावायलाही तोच घ्यावासा वाटतो. 'ॲग्रिफाउंड पार्वती' म्हणजे जी-३१३ हा अशा तऱ्हेचा वाण आहे. त्याच्या गड्ड्यात दहा ते सोळा मोठ्या कुड्या असतात. पण तो लांब दिवसांचा, उत्तरेकडील डोंगरांसाठी निवडलेला वाण आहे. तो सेलूला लावला तर पात हिरवीगार वाढते. गड्डा मात्र धरत नाही, आणि फूलही नाही. दोष ना मातीचा, ना बाईच्या हाताचा. आपल्याकडे लावावा तो आपल्या मैदानी भागातला पांढरा किंवा जांभळट छटेचा लसूण : जी-४१, जी-२८२, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'गोदावरी', राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे 'भीमा ओंकार' आणि 'भीमा पर्पल', किंवा ओळखीच्या शेतकऱ्याने पाटाच्या कडेला धरलेला गावरान. गावरान दिसायला बेताचा असतो, पण त्याला इथला दिवस ठाऊक असतो.

काही जण फुलाच्या आशेने कुड्या फ्रीजमध्ये ठेवून मग लावतात. तेवढ्याने मऊ मानेचा लसूण फुलावर येत नाही. थंडी खाल्लेली कुडी लवकर गड्डा धरते, इतकाच परिणाम. आणि झाड पुरते वाढण्याआधीच गड्डा धरला तर तो लहान राहतो.

डबा म्हणजे शेत नव्हे

डब्याचे म्हणून काही निराळे असते काय? फुलापुरते पाहिले तर डबा हे मुख्य कारण नव्हे. शेतातही तो फुललाच नसता. पण गड्ड्यावर डब्याचा परिणाम होतो, आणि येथे आपल्या हातात करण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट भांडे. एक वीत खोल असले की पुरे. पण तळाला चार-पाच भोके हवीतच. वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत सात-आठ कुड्या बसतात. तेलाचा पंधरा किलोचा डबा उभा न ठेवता आडवा कापला तर त्यात नऊ-दहा बसतात. पत्र्याचा डबा पत्र्याच्या छपरावर ठेवू नये; फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दोन्ही बाजूंनी मुळे भाजतात. भोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि सकाळचे ऊन मिळेल, दुपारनंतर सावली येईल अशी जागा द्यावी.

दुसरी गोष्ट माती. आपली काळी माती शेतात सोने असली तरी डब्यात एकटी कामाची नाही. ओली झाली की चिकटून बसते आणि सुकली की भेगाळून मुळे तोडते. एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण करावे. कापसाच्या गावात सरकीची पेंड मिळते. ती मूठभर चांगली मुरवून घातली तर पात जोमदार येते. पण नत्राचे खत उशिरापर्यंत घालीत राहू नये. तसे केले, आणि वर पाणीही भरपूर दिले, तर गड्डा पक्व होण्याऐवजी कुड्यांना तेथेच कोंब फुटतात आणि मऊ रबरासारखा गड्डा हाती येतो.

तिसरी गोष्ट वेळ. कोजागिरीपासून दिवाळीनंतरच्या आठ-पंधरा दिवसांपर्यंत लागण उरकावी. गड्ड्याच्या बाहेरच्या वेढ्यातल्या टपोऱ्या कुड्या निवडाव्या, सोलू नयेत, टोक वर करून दोन बोटे खोल आणि एकमेकींपासून चार-पाच बोटांवर लावाव्या. आतल्या बारीक कुड्या लावल्या किंवा पौषात लागण केली, तर झाड लहान असतानाच ऊन तापते आणि पुष्कळदा न फुटलेला, एकाच कुडीचा गोळा हाती येतो. हा एककळीचा लसूण औषधी म्हणून लोक चढ्या भावाने विकत घेतात. डब्यात मात्र तो बहुधा अपुऱ्या वाढीचे चिन्ह असतो.

पाणी थोडे आणि नियमित. पानांवर चंदेरी-पांढरे ओरखडे दिसू लागले तर फुलकिडे आले असे समजावे. फूल येत नाही, पण फुलकिडे मात्र न चुकता येतात, ही लसणाची गंमत आहे. चारसहा डबे असतील तर पानांच्या बेचक्यांत पाण्याची धार मारून आणि निंबोळी अर्क फवारून ते आवरतात.

काढणीची खूण

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. फूल ही खूण नव्हे, तर मग लसूण झाला हे ओळखायचे कसे? साधारण चार महिने ते साडेचार महिने झाले की खालची पाने पिवळी पडून वाळू लागतात. निम्मी पाने वाळली, मान मऊ पडून पात कलू लागली, की लसूण सांगतो आहे असे समजावे. त्याआधी दहा-बारा दिवस पाणी तोडावे. मग एक गड्डा उकरून पाहावा. कुड्या वेगळ्या चाचपता आल्या आणि वरचे पापुद्रे शाबूत असले तर सगळा काढावा. ह्यापुढे थांबले तर पापुद्रे कुजतात, कुड्या सुट्या होतात आणि लसूण टिकत नाही. फुलाची वाट पाहणाऱ्या घरी नेमके हेच झाले होते.

काढलेला लसूण धुऊ नये. पातीसकट सावलीत आठ-दहा दिवस वाळवावा, जुडी बांधावी आणि हवा खेळेल तेथे टांगावी.

हिशेब

संघटनेच्या माणसाने हिशेब मांडल्याशिवाय उठू नये. दहा बादल्यांत मिळून ऐंशी कुड्या लागल्या, आणि डब्यातला गड्डा सरासरी पंधरा ग्रॅमचा धरला, तर बाराशे ग्रॅम लसूण होतो. लावण्यासाठी आठ-दहा गड्डे मोडले, ते पाव किलोच्या आत-बाहेर. म्हणजे हाती पडतो किलोभर लसूण. आठवड्याला अर्धा पाव लसूण लागणाऱ्या घराला तो दोन महिने पुरेल. शिवाय थंडीत वरचेवर एकेक पान खुडून पातीचा ठेचा होतो तो निराळा. मात्र पात फार खुडली तर गड्ड्याला भोवते, कारण गड्डा भरणारी भाकरी त्या पानांतच भाजली जाते.

ह्यावरून उघड आहे की डब्यातल्या लसणाने बाजार मोडत नाही. आपल्याला पुरणारा लसूण मंदसौर-नीमचकडच्या शेतांतून येतो आणि त्याचा भाव ठरतो तो तेथील मंड्यांत. ते प्रश्न बादलीने सुटणारे नाहीत. त्यासाठी साठवण, रास्त भाव आणि वाहतूक ह्यांचा विचार सर्वांनी मिळून करावा लागेल. पण भाव चढलेल्या दोन महिन्यांत ज्या घरी जुडी टांगलेली आहे त्या घरची चटणी बंद पडत नाही. गरिबाच्या घरी दोन महिने ही लहान गोष्ट नव्हे.

फूल नसण्याची किंमत

इतका वेळ आम्ही फुलाच्या विरुद्ध बोललो. आता दुसरी बाजू मांडली नाही तर ते न्यायाचे होणार नाही. फूल सोडून दिल्याची किंमत लसणाने मोजली आहे.

फूल नाही म्हणून बी नाही. बी नाही म्हणून दोन झाडांचा संकर नाही. संकर नाही म्हणून नव्या गुणांची संतती नाही. एका वाणाची सगळी झाडे म्हणजे एकाच झाडाचे तुकडे. त्यांपैकी एकाला जो रोग जड जातो तो सगळ्यांना जड जातो. शिवाय कुडीतून विषाणू पिढी-दरपिढी पुढे चालत जातात; बियात ते बहुधा झडून जातात, कुडीत साठत राहतात. ह्यासाठी १९८० नंतरच्या दशकात जपानमधील एतोह आणि इतर देशांतील संशोधक लसणाच्या माहेरी, मध्य आशियात गेले आणि अजूनही सुपीक फुले धरणारे लसूण त्यांनी शोधून आणले. त्यांच्या गोंड्यातल्या बारीक कुड्या चिमट्याने काढून फुलांना जागा करून दिली, तेव्हा खरे बी मिळू लागले. म्हणजे ज्या फुलाला शेतकऱ्याने हजारो वर्षे बाजूला सारले, त्याचीच प्रयोगशाळेला आज गरज पडली आहे. हे काम बादलीचे नव्हे, सार्वजनिक संस्थांचे आहे. राजगुरुनगरची संस्था आणि आपली कृषी विद्यापीठे जनतेच्या पैशावर चालतात ती ह्यासाठीच, आणि ती नीट चालावीत हे पाहणे नागरिकांचे काम आहे.

आणि घरच्या माणसाचे काम कोणते? बियाणे राखण्याचे. आपल्या घरी रीत उलटी असते. मोठे गड्डे आधी खाण्यात जातात आणि कोजागिरीला उरतात ते किरकोळ. तेच लावले जातात. लहान कुडीतून लहान गड्डा, त्यातून आणखी लहान. चार वर्षांत लोक म्हणतात की वाण बिघडला. वर ज्यांचे नाव आले त्या वाविलोव यांनी लेनिनग्राडला जगभरच्या बियाण्यांचा संग्रह केला होता. त्यांचा स्वतःचा अंत १९४३ साली तुरुंगात उपासमारीने झाला. त्याच सुमारास, १९४१ ते १९४४ ह्या काळात, लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. त्या संस्थेतले कित्येक सेवक धान्याच्या पोत्यांशेजारी भुकेने मेले, पण संग्रहातले बियाणे त्यांनी खाल्ले नाही. ती माणसे कोणी साधुसंत नव्हती. पगारावर काम करणारी नोकरमाणसे होती.

आपल्यावर तशी वेळ नाही. आपल्याला एवढेच करायचे आहे की ह्या चैत्रात नवी जुडी घरी आली की तिच्यातले सर्वांत चांगले आठ-दहा गड्डे निवडावे, वेगळी जुडी बांधावी, तिला एक रंगीत चिंधी लावावी, आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे की भाव कितीही चढला तरी कोजागिरीपर्यंत ह्या जुडीला हात लावायचा नाही. पुढच्या फाल्गुनात त्या लसणालाही फूल येणार नाही. पाने पिवळी पडतील, मान मऊ होईल, आणि तेव्हा तो काढायचा.